दोन रजिस्टरांचा एक आकडा : माझ्या हेल्पर फंक्शनचा पॅच परत आला, मतं हवीत

मोजणीदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत आहे. कारखान्यांच्या पॅनेलमधले वीजमीटर आरएस-४८५ च्या तारेवरून मॉडबसने (यंत्रांनी एकमेकांना आकडे द्यायची ठरलेली पद्धत) वाचायचे आणि आकडे सर्व्हरला पाठवायचे, हे आमचं रोजचं काम. त्यासाठी सी भाषेत लिहिलेला एक मुक्तस्रोत गेटवे, म्हणजे मीटर आणि सर्व्हर यांच्यामधला प्रोग्रॅम, वापरतो. दोन वर्षांत त्यात माझे चार-पाच बारीकसारीक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, गेले. या वेळचा पहिल्यांदाच परत आला.

मॉडबसचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा खण, १६ बिटांचं. युनिटचा आकडा ३२ बिटांचा, त्यामुळे मीटर तो दोन रजिस्टरांत तोडून देतं. हे दोन तुकडे जोडणारी ओळ गेटवेच्या कोडमध्ये अकरा ठिकाणी हाताने लिहिलेली आहे. कुठे (क << १६) | ख, म्हणजे क सोळा घरं डावीकडे सरकवून त्याला ख जोडायचा, कुठे उभ्या रेघेऐवजी अधिक, आणि दोन ठिकाणी क * ६५५३६ + ख. मी एक हेल्पर, म्हणजे हे जोडकाम करणारं छोटं फंक्शन, काढला, मेक_यू३२(क, ख), आणि अकराही ठिकाणी तो घातला. एकच पॅच, चाळीसेक ओळींचा. सोबत एक टेस्टही दिली.

मेंटेनरनी, म्हणजे गेटवेचा कोड सांभाळणाऱ्यांनी, दोनच गोष्टी विचारल्या. वापराच्या जागी वाचणाऱ्याला वरचा (मोठ्या किमतीचा) अर्धा कोणता हे कसं कळणार? आणि अकराही जागी तो तोच आहे, हे मी तपासलंय का?

तीच ओळ अकरा वेळा लिहिण्यापेक्षा एकदा लिहावी, हे कॉलेजपासून ऐकत आलोय. म्हणून जरा लागलं. हेल्पर सोडून द्यावा की त्याच्यासाठी भांडावं? ज्यांनी असे पॅच दिलेत किंवा तपासलेत त्यांनी जरूर लिहा.

ताम्रपट

वाईट वाटून घेऊ नका. हाच प्रश्न लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) ऑगस्ट २०२५ मध्ये आला होता, तोही जवळपास याच नावाच्या फंक्शनवरून. ६.१७ आवृत्तीच्या मर्ज विंडोच्या (नवे बदल घ्यायच्या मुदतीच्या) अगदी शेवटी रिस्क-व्ही या प्रोसेसर-प्रकाराचे पॅच आले. त्यात मेक_यू३२_फ्रॉम_टू_यू१६ असा हेल्पर होता, आणि तोही रिस्क-व्ही च्या फोल्डरमध्ये न ठेवता सगळ्यांच्या सामाईक हेडर फाइलमध्ये. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सगळाच संच नाकारला. प्रवासात असल्यामुळे पॅच लवकर पाठवा असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे उशीर हे एक कारण होतंच. पण तांत्रिक आक्षेप तुमच्या मेंटेनरचाच होता. (क << १६) + ख असं लिहिलं की काय चाललंय आणि वर कोण आहे हे डोळ्यांना दिसतं. हेल्परच्या आड गेलं की क्रम कळायला त्याची व्याख्या उघडून बघावी लागते.

त्यांची भाषा फार कडक होती आणि मला ती पटली नाही. मुद्दा मात्र पटला. तुमचा पॅच वाचताना माझ्याही मनात पहिला प्रश्न हाच आला असता.

त्या अकरा जागा इथे टाकता का? मूळ ओळी, जशाच्या तशा.

रात्रपाळी

कोडातलं मला फार कळत नाही, पण मीटरांतलं कळतं. पंधरा वर्षं पॅनेल बांधतोय.

एका रजिस्टरात कोणता बाइट आधी, हे मॉडबसच्या नियमात ठरलेलं आहे, मोठा आधी. पण दोन रजिस्टरांत कोणतं आधी, हे नियमात नाही. ज्याने मीटर बनवलं त्याने ठरवायचं. एकाच पॅनेलमध्ये वरच्या ओळीतलं मीटर मोठा भाग आधी देतं आणि खालच्या ओळीतलं लहान भाग आधी, हे मी अनेकदा बघितलंय. काही मीटरांत तर हा क्रम मेनूमधून बदलता येतो. त्यामुळे कुणीतरी सेटिंग हलवलं की कालपर्यंत बरोबर येणारा आकडा आज चुकतो.

म्हणून भाऊ, अकराही जागी तोच क्रम असेल यावर माझा विश्वास बसत नाही. आधी ते बघा.

घाटमाथा

वाचतोय. आमच्याकडे सोलर इन्व्हर्टरबाबत हेच झालं होतं.

लाल_डबा

मी हेल्परच्या बाजूने आहे आणि सविस्तर लिहितो, कारण 'ती ओळ तर कुणालाही कळते' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं.

(क << १६) | ख घ्या. क चा प्रकार यूइंट१६, म्हणजे चिन्ह नसलेला १६ बिटांचा पूर्णांक. त्यात ३२७६८ आला तर काय होतं, हे इथल्या किती जणांना न अडखळता सांगता येईल? सी मध्ये इंटपेक्षा लहान प्रकार कुठल्याही हिशेबाला बसण्याआधी इंट होऊन बसतो. आपला क अनसाइन्ड होता, पण त्याची सगळी मूल्यं ३२ बिटांच्या इंटमध्ये मावतात, म्हणून तो साइन्ड (चिन्हासह) इंट होतो. आता ३२७६८ सोळा घरं डावीकडे सरकवा. तो एकटा बिट बरोबर चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. सी च्या मानकानुसार हे अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही. प्रत्यक्षात जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर काही न बोलता ऋण आकडा देतात.

निकाल यूइंट३२ मध्ये ठेवला तर बिट तेच राहतात, कुणाला काही कळत नाही. पण पुढच्या कुणी एकूण बेरजेसाठी तो थेट यूइंट६४ मध्ये घेतला, की वरचे ३२ बिट एकांनी भरून येतात आणि मीटर १८४४६७४४०७१५६२०६७९६८ दाखवू लागतं. क * ६५५३६ वाल्या दोन ओळीही यातून सुटत नाहीत. तो इंटचा गुणाकार आहे, तो तिथेच उतू जातो.

हे कधी होईल? वॉट-तासात मोजणारं मीटर २,१४,७४,८३,६४८ ला पोचलं की. म्हणजे साधारण २१ लाख ४७ हजार युनिट. महिन्याला ५० हजार युनिट जाणाऱ्या फीडरवर हा दिवस साडेतीन वर्षांनी उगवतो. तोवर कोड लिहिणारा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो, आणि रविवारी रात्री फोन येतो तो ऑपरेटरला.

एकाच जागी (यूइंट३२)क << १६ असा कास्ट (प्रकार बदलायची सूचना) लिहिला की अकराही जागा कायमच्या सुरक्षित. हेल्पर हवा तो यासाठी. मोजणीदार, टाइप करायचे श्रम वाचतात हे कारण पॅचच्या वर्णनात देऊ नका, हे कारण द्या.

ताम्रपट

लाल_डबा, हे मान्य. या सापळ्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

कर्नलमध्ये अशाच कारणाने टिकलेला एक हेल्पर आहे, अपर_३२_बिट्स. तो आकडा एकदम ३२ घरं उजवीकडे सरकवत नाही. आधी १६, मग पुन्हा १६. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे कुणाच्या तरी सवयीचं वाटलं होतं. कोडमध्ये त्याच्या वर लिहिलेली टीप वाचल्यावर उलगडा झाला. आकडा मुळातच ३२ बिटांचा असेल तर ३२ ने सरकवण्यावर कंपायलर इशारा देतो, दोन टप्प्यांत सरकवलं तर दोन्ही रुंदींवर उत्तर बरोबर येतं आणि इशाराही येत नाही. मेमरीच्या फिजिकल पत्त्याचा प्रकार काही यंत्रांवर ३२ आणि काहींवर ६४ बिटांचा असतो, तिथे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला याची रोज गरज पडते. आणि नाव बघा, 'अपर'. कोणता अर्धा हे विचारावंच लागत नाही.

तुमच्या मेक_यू३२ मध्ये कास्ट घातला तर सापळ्याचा भाग सुटेल. नावाचा भाग राहतोच.

मोजणीदार (धागाकर्ता)

काल रात्री अकराही जागा एकेक करून बघितल्या. आठ ठिकाणी मूळ ओळ (रजि[०] << १६) | रजि[१] या क्रमाची आहे. तीन ठिकाणी (रजि[१] << १६) | रजि[०]. तिन्ही एकाच मीटर मालिकेच्या फाइलमध्ये. मी एडिटरमधून शोधून बदलताना सगळीकडे मेक_यू३२(रजि[०], रजि[१]) घातलं. म्हणजे माझा पॅच घेतला गेला असता तर त्या मालिकेचं प्रत्येक मीटर त्या दिवसापासून चुकलं असतं.

समोरच्या पॅनेलमधल्या मीटरवर ७०,००० युनिट आहेत. हेक्समध्ये (सोळाच्या पायावर मोजलं तर) ०००१ आणि ११७०. माझ्या पॅचने तेच मीटर वाचलं तेव्हा स्क्रीनवर २९,२५,५२,७०५ आले. आकडा बघून पोटात गोळा आला.

आणि टेस्ट? मी मेक_यू३२(१, १) देऊन ६५५३७ येतात का ते बघत होतो. दोन्ही अर्धे सारखे, त्यामुळे उलटं केलं तरी टेस्ट पासच. रात्रपाळी दादा, तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं. मनापासून आभार.

रात्रपाळी

आभार कसले. शनिवारी सातपूरलाच काम आहे, नवीन कोड झाला तर आणा, दोन्ही प्रकारची मीटरं एकाच पॅनेलवर आहेत.

कोकणरेघ

आता नावाबद्दल. याच कामाची लिबमॉडबस नावाची मुक्तस्रोत लायब्ररी आहे, तुमच्यापैकी बरेच जण वापरत असतील. दोन रजिस्टरांतून दशांश आकडा काढायला तिच्यात एक नाही, चार फंक्शनं आहेत. मॉडबस_गेट_फ्लोट_एबीसीडी, तसंच डीसीबीए, बीएडीसी आणि सीडीएबी. १२३४५६ हा आकडा फ्लोट म्हणून लिहिला तर चार बाइट ४७ एफ१ २० ०० असे होतात. तारेवर ते याच क्रमाने आले तर एबीसीडी. २० ०० ४७ एफ१ असे आले तर सीडीएबी. मीटरच्या पुस्तिकेतला तक्ता शेजारी ठेवायचा आणि अक्षरं जुळवायची. नावं दिसायला रुक्ष आहेत, पण कॉलची ओळ वाचूनच क्रम कळतो. तुमच्या मेंटेनरनी तेच मागितलंय.

माझी सूचना अशी, की दोन वेगळे आकडे घेऊच नका. एकाच प्रकारचे दोन आर्ग्युमेंट असले की उलटे दिले तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. त्याऐवजी रजिस्टरांच्या अॅरेचा पॉइंटर (ती ओळीने ठेवलेल्या जागेचा पत्ता) घ्या आणि दोन फंक्शनं करा, रेग्ज_टू_यू३२_हाय_फर्स्ट आणि रेग्ज_टू_यू३२_लो_फर्स्ट. मग उलटं द्यायची सोयच उरत नाही.

आणि घाऊक बदल करताना जपून. कर्नलमध्ये स्ट्रिंग कॉपी करायला एसटीआरएलसीपीवाय होतं, मूळचं १९९८ च्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधलं. ते उत्तरादाखल स्रोताची पूर्ण लांबी देतं, म्हणून स्रोत शेवटपर्यंत वाचतं, मग कॉपी चारच अक्षरांची असो. स्रोताला शेवटचं शून्य नसेल तर ते वाचतच सुटतं. हे टाळायला २०१५ मध्ये ४.३ आवृत्तीत एसटीआरएससीपीवाय आलं. ते घेतानाच टॉरवाल्ड्स यांनी बजावलं होतं, की जुना कोड सरसकट बदलणारे पॅच नकोत, अशा बदलांत बारीक चुका शिरतात. कारण दोघांची उत्तरं वेगळी. जागा अपुरी पडली तर नवीन फंक्शन ऋण ई२बिग देतं, म्हणजे उणे ७. कुणी उत्तर थेट लांबीत मिळवत असेल तर तिथे फक्त नाव बदलल्याने लांबी सातने घटते आणि पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावर चढतो. एकेक जागा वाचत, समजून घेत बदलली गेली. जुनं फंक्शन कर्नलमधून शेवटी निघालं ते २०२४ मध्ये, ६.८ ला. तुमच्या तीन जागांची गोष्ट याच जातीची आहे.

घाटमाथा

पॉइंटर घेण्यावर माझी हरकत आहे. दोन आकडे दिले तेव्हा निदान ते दोन आकडे हातात आहेत हे नक्की असतं. पॉइंटर दिला आणि मीटरने एकच रजिस्टर पाठवलं असेल तर? फंक्शन पुढची जागा बिनदिक्कत वाचणार. आधीच्या मीटरचा उरलेला आकडा तिथे असेल तर उत्तर दिसायला अगदी खरं वाटेल, आणि अशी चूक शोधायला आठवडा जातो. आमच्या इन्व्हर्टरच्या कोडमध्ये आठवडा गेला होता, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

कोकणरेघ

हरकत योग्य आहे. मी वाचणाऱ्या फंक्शनच्या उत्तराकडे दुर्लक्ष केलं होतं. लिबमॉडबसमध्ये रजिस्टर वाचण्याचं फंक्शन किती रजिस्टरं मिळाली तो आकडा देतं, चूक झाली तर उणे १. मोजणीदार, तुमच्या गेटवेत ती तपासणी जोडणीच्या आधी प्रत्येक जागी होते का? होत नसेल तर तो स्वतंत्र पॅच, आणि तो आधी.

ताम्रपट

पॅच कसे तोडायचे तेही सांगून ठेवतो. जागा बदलण्याचा पॅच आणि वर्तन बदलण्याचा पॅच एकत्र करू नका. उद्या आकडा चुकला आणि कुणी गिट बायसेक्ट (कोणत्या पॅचने बिघडलं ते शोधणारं साधन) लावलं, तर ते येऊन थांबेल तुमच्या चाळीस ओळींवर, आणि त्यातली कोणती ओळ दोषी हे पुन्हा हातानेच शोधावं लागेल. आधी फंक्शनं आणि टेस्ट, मग आठ जागा, मग तीन जागा वेगळ्या. तीन जागांच्या वर्णनात मीटरच्या मालिकेचं नाव आणि पुस्तिकेतल्या तक्त्याचा पान क्रमांक लिहा. रिव्ह्यू करणाऱ्याला शोधत बसायला लावलं की पॅच रेंगाळतो.

आणि फंक्शनं त्या ड्रायव्हरांच्या फोल्डरमध्येच ठेवा. सामाईक हेडरमध्ये गेलेलं नाव नंतर बदलणं फार अवघड.

लाल_डबा

टेस्टमध्ये ७०,००० ठेवा, दोन्ही क्रमांनी. शिवाय वरच्या रजिस्टरात ३२७६८ देऊन उत्तर यूइंट६४ मध्ये घेणारी एक टेस्ट हवीच. कंपाइल करताना एफसॅनिटाइज=अनडिफाइन्ड (अशा चुका कोड चालताना पकडणारी कंपायलरची सोय, सॅनिटायझर) लावून जुना कोडही एकदा चालवा. सरकवण्याच्या जागेवर ओळ क्रमांकासकट तक्रार येईल, ती पॅचच्या वर्णनात चिकटवा. मग हेल्पर कशाला हवा, हे कुणाला समजावत बसावं लागणार नाही.

मोजणीदार (धागाकर्ता)

झालं. चार पॅच झाले, पाचवा चालू आहे.

पहिला, मिळालेल्या रजिस्टरांची संख्या तपासण्याचा. अकरापैकी चार जागी ती तपासणी नव्हतीच. घाटमाथा, तुमची हरकत नसती तर मी तिथे बघितलंही नसतं. दुसरा, दोन फंक्शनं आणि टेस्ट. तिसऱ्यात हाय_फर्स्टच्या आठ जागा, चौथ्यात लो_फर्स्टच्या तीन, पान क्रमांकासह. पाचवा मेंटेनरनी मागवला. मीटरच्या व्याख्येच्या फाइलमध्ये क्रम लिहायची सोय, म्हणजे मेनूतून क्रम बदलणाऱ्या मीटरांसाठी कोडला हात लावावा लागणार नाही. तो अजून अर्धाच आहे, ७० टक्के वेळ त्याच्या नावावर चर्चा चालली आहे.

सॅनिटायझरने जुन्या कोडमध्ये अकराही जागी तक्रार दिली. ती जशीच्या तशी दुसऱ्या पॅचच्या वर्णनात घातली. पहिले चार आज सकाळी घेतले गेले. मेंटेनरनी फक्त एक बदल सांगितला. दोन्ही फंक्शनांच्या वरच्या टिपेत ७०,००० चं उदाहरण हेक्ससह लिहायचं, टेस्टमधलंच.

रात्रपाळी

शनिवारी मोजणीदार आले होते, सातपूरला. वरच्या ओळीतल्या मीटरवर ७०,४१२ होते, लॅपटॉपवर ७०,४१२. खालच्या ओळीतलं, लहान भाग आधी देणारं, १,३१,९०६. लॅपटॉपवर तेच. मग मी खालच्याचा मॉडबसच्या तारेचा एक स्क्रू ढिला करून तार काढली. मागच्या वेळी अशाने जुनाच आकडा चालू राहायचा. या वेळी 'उत्तर नाही' असं आलं. तार परत बसवली.